तांब्याचे हंडे आणि चिंबोरीची पिल्ले

संपादकांनी पत्रात लिहिले, “आपल्या व्यवसायातले काही अनुभव सांगावेत.” व्यवसाय हा शब्द वाचून मी पाकीट उलटून पाहिले. नाव माझेच होते. याच दिवाळी अंकात एक निवृत्त मुनसफ लिहिणार आहेत, एक डॉक्टर लिहिणार आहेत. त्यांच्या पंगतीत माझे पान मांडले आहे ते दिवाळीचा आनंद म्हणून की जागा भरायची म्हणून, हे संपादकच जाणोत.

माझा व्यवसाय असा, की मागच्या खानेसुमारीला आलेल्या कारकुनाला तो कुठल्या रकान्यात घालावा ते कळेना.

“धंदा?”

“खेकड्यांची पिल्ले सांभाळणे.”

“विकायला?”

“नाही.”

“मग... खायला?”

“अहो, घर कुणाचं आहे बघताय ना?”

त्याने अंगणातले तुळशीवृंदावन पाहिले, आत दांडीवर वाळणारी सोवळी पाहिली, थोडा वेळ टाक हवेत धरला आणि ‘घरकाम’ असे लिहून टाकले. सरकारदरबारी मी अकरा वर्षे घरकाम केले. घरच्यांच्या दृष्टीने मी घरकाम सोडून बाकी सगळे केले.

यंदा आषाढात चांगुणा गेली. ती रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली. तिचे माझे नाते नाही, त्यामुळे मला सुतक नाही. मग हे जे मी दोन महिने धरून बसले आहे त्याला काय म्हणायचे, ते शास्त्र्यांना विचारले पाहिजे. हा लेख एरवी मी एका आठवड्यात लिहिला असता. आता रोज चार ओळी होतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोन खोडल्या जातात.

इन्फ्लुएन्झाच्या साथीत माझे यजमान गेले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. थोरल्या भावाने धीर करून मला पुण्याच्या एका संस्थेत शिकायला ठेवले. तिथे मी इंग्रजी शिकले, म्हणजे विधवेने जे करू नये त्यातले सर्वांत निरुपद्रवी ते केले. पुढे भाऊही वारला आणि माझा प्रश्न पेणला सासरी दिराकडे गेला. दिराचे म्हणणे साधे होते: घरात पाच मुले, वहिनी शिकलेल्या आहेत, त्यांनी येऊन स्वयंपाक करावा. शिक्षणाचा आणि स्वयंपाकाचा त्यांनी जोडलेला हा संबंध मला अजून उलगडलेला नाही. त्या घरी मी दोन महिने राहिले होते. तिथे छापील कागद येई तो वाण्याच्या पुडीला बांधून, आणि दिवा लावायच्या आत मी तो वाचून टाकीत असे.

तेवढ्यात चौलच्या रावसाहेबांना इंग्रजी वाचून दाखवणारे माणूस हवे आहे असे कळले. रावसाहेब जंगल खात्यातून निवृत्त होऊन आलेले. तीस वर्षे झाडांत काढल्यावर माणसाला समुद्राचा ध्यास का लागावा, हे विचारायची सोय नव्हती. डोळे अधू झाले होते, हात कापत होता, आणि इंग्रजी ग्रंथांच्या सात पेट्या त्यांनी बरोबर आणल्या होत्या. त्यांना एका प्रश्नाने पछाडले होते: चिंबोरीचे पिल्लू मसुरीच्या दाण्याएवढे असल्यापासून हाताच्या पंजाएवढे होईपर्यंत किती वेळा कात टाकते? विलायतेतल्या विद्वानांनी विलायती खेकड्यांचे मोजले होते. हिंदी खेकड्यांविषयी जगात अंधार होता, आणि तो घालवण्यासाठी सारे जग रावसाहेबांच्या मागल्या पडवीकडे डोळे लावून बसले आहे, असे त्यांचे प्रामाणिक मत होते.

पडवीत उत्तरेच्या उजेडाला काचेच्या तीन पेट्या मांडलेल्या होत्या, लोखंडी चौकटीच्या, मुंबईहून करवून आणलेल्या. मी वाचायचे, वही लिहायची आणि पिल्ले जगवायची. पहिली दोन कामे मला येत होती.

ज्यांना घरी खेकडे पाळायची हौस आहे (असे वाचक किती हे संपादकांनी कळवावे) त्यांच्यासाठी थोडे सांगते. पाणी खोल नको, पसरट हवे; पिल्लाच्या पाठीवर चार बोटे पुरे. तळाशी वाळू, आणि वाळूवर फुटक्या कौलांचे तुकडे, जेवढी पिल्ले त्याच्या दुप्पट. कारण ही भावंडे एकमेकांना खातात. सकाळ-संध्याकाळ पळीपळीने पाणी उंचावरून ओतावे, म्हणजे त्यात हवा मिसळते. उन्हाने पाणी आटले तर वरून विहिरीचे गोडे पाणी घालावे, समुद्राचे नाही. मीठ उडून जात नाही, पाणी तेवढे उडते, हे मला कळायला एक वैशाख लागला. खायला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, तोही चिमटीने, आणि उरलेला तासाभरात काढून टाकावा. नाहीतर पेटीला असा वास सुटतो की सोवळ्यातले माणूस दोनदा आंघोळ करते.

कात टाकण्याचे तर विचारूच नका. पहिल्यांदा पेटीत एक पिल्लू निपचित पडलेले पाहिले, पाय, नांग्या, डोळ्यांच्या काड्यांसकट. मी वहीत ‘मृत’ लिहिले आणि मला रडूही आले. दुसऱ्या दिवशी मोजले तर वीस पिल्लांची मयतासकट एकवीस झाली. ते नुसते कवच होते. कवचाचा मालक लोण्यासारख्या मऊ अंगाने कौलाखाली दडून बसला होता. माझ्या वहीप्रमाणे तो पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा मेला.

रावसाहेबांच्या घरात मासळी शिजत नसे, आणि घर चालत होते त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, आक्कांच्या, सोवळ्यावर. आक्का नवव्या वर्षी विधवा झालेल्या. त्यांनी खेकड्यांना घरात येऊ दिले ते मोठ्या मनाने, पण नियमांसह. जवळा मागच्या कुंपणाबाहेर केळीच्या पानावर घ्यायचा. तो हाताळल्यावर विहिरीवर आंघोळ. आणि एकादशीला काही नाही.

“अगो वेणू, आज एकादशी ना? आज त्यांना ते नको घालूस हो.”

“आक्का, ते उपाशी राहतील.”

“आपण नाही राहत? थोडे वऱ्याचे तांदूळ घाल.”

वऱ्याचे तांदूळ पेटीच्या तळाशी तसेच राहिले. पिल्लांनी फराळ आपसांत उरकला. महिन्यात दोन एकादश्या, आणि दर द्वादशीला मी कमी झालेली डोकी मोजीत असे. शेवटी आदल्या रात्रीच दुप्पट जवळा घालायची तोड मी काढली. दशमीला पोटभर जेवण्याची ही रीत घरातल्या माणसांतही होतीच, म्हणून आक्कांनी तीत काही वावगे पाहिले नाही.

पाण्याचा नियम मात्र सर्वांत कडक. समुद्राचे पाणी पवित्रच, यात आक्कांना शंका नव्हती. प्रश्न भांड्याचा. मातीचे मडके एकदा कोणी शिवले की शिवले, ते शुद्ध होत नाही. तांब्याचे भांडे चिंचेने आणि राखेने घासले की पुन्हा देवाला चालते. तेव्हा पाणी आणायचे ते तांब्याच्या हंड्यांतून. हंडे आक्कांच्या स्वतःच्या लग्नातले. त्या लग्नातले बाकी काहीच त्यांच्याजवळ उरले नव्हते. धर्मा नावाचा गडी भरतीच्या वेळी रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून कावडीने हंडे भरून आणी. पाणी दोन दिवस त्यांतच नितळत ठेवायचे, मग पेटीत घालायचे, आणि रिकामे हंडे आक्का स्वतः चिंच लावून घासायच्या. असे लखलखीत, की त्यांत बघून गंध लावावे.

पिल्ले मरत होती. पहिली खेप महिन्यात संपली. दुसरी थोडी कमी घाईने. खाणे सोडायची, कौलाबाहेर येऊन सुस्त पडायची, आणि कात टाकता टाकता अर्धी आत अर्धी बाहेर अशी राहायची. रावसाहेब खुर्चीत बसून कारणे काढीत. आधी खापर उष्म्यावर फोडले. मग लांबीवर, म्हणजे काचेच्या सांध्यांना लावलेल्या मसाल्यावर. ती लांबी दोनदा खरवडून नव्याने भरली. मग संशय माझ्या सावलीवर आला. शास्त्रीय अर्थाने हो. मी पेटीवर वाकते तेव्हा उजेड अडतो.

“निरीक्षण, वेणूबाई, निरीक्षण!” ते म्हणायचे. “डोळे उघडे ठेवले की निसर्ग आपण होऊन बोलतो.”

पाहायला पाहुणेही येत. एक मामलेदार पेटीसमोर कितीतरी वेळ तन्मय होऊन उभे राहिले. रावसाहेब हळूच मला म्हणाले, “बघा, जिज्ञासा!” मामलेदार वळले आणि म्हणाले, “वाटण हिरवं करता की तांबडं?”

निसर्ग बोलत होता. तो मागच्या कुंपणाशी, डोक्यावर पाटी घेऊन, रोज बोलत होता.

चांगुणा पिल्ले आणि जवळा आणून द्यायची. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, आवाज भरतीला पुरून उरेल असा. खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या मुळांत ओहोटीला चिखल चाळून ती पिल्ले धरायची. तिच्या स्वतःच्या परसात फुटक्या तोंडाचा एक माठ होता. त्यात ती पोकळ निघालेल्या चिंबोऱ्या मांसाने भरेपर्यंत आठ-दहा दिवस ठेवायची. तिच्या माठात काच नव्हती, उत्तरेचा उजेड नव्हता, निरीक्षणही नव्हते. त्यामुळेच की काय, चिंबोऱ्या जगत होत्या.

एके दिवशी मी हंड्यातले नितळलेले पाणी एका वाटीत घेऊन कुंपणाशी गेले. तिने बोट बुडवले, चाखले आणि थुंकली.

“बाय, ह्यो पानी चावतंय.”

“म्हणजे खारट जास्त आहे?”

“खारट आसंल न्हाय तर काय, दर्याचा हाय! चावतंय म्हनलं मी. ह्यात तांबा उतरलाय. तांब्यात चिंबोरी ठेवाल तर मरंल.”

“पण चांगुणा, माशांच्या पुस्तकांत असं कुठे लिहिलेलं नाही.”

“तुमचा रावसाब शिकलेला हाय, बाय. चिंबोरी न्हाय शिकलेली.”

मी हसले. घरात जाऊन सातही पेट्यांतल्या ग्रंथांच्या सूच्या चाळल्या. ‘चावते’ असा विषय कुणी घेतला नव्हता. मग मी वही मिटली. आक्कांना त्यांच्या लग्नातल्या हंड्यांविषयी असे काही सांगणे म्हणजे पेणची बैलगाडी आपण होऊन दाराशी बोलावणे, असे मी स्वतःला समजावले. ते खरेच होते. पण पुरते नव्हते. हेच रावसाहेबांनी म्हटले असते तर मी त्याच संध्याकाळी तपासून पाहिले असते. कोळणीने म्हटले, म्हणून ते मला गमतीचे वाटले. संस्थेत आम्हाला समतेवर निबंध लिहायला सांगत आणि माझ्या निबंधाला बक्षीस मिळालेले होते.

तिसऱ्या खेपेची पिल्ले आली आणि रावसाहेबांनी निर्वाणीचे सांगितले, “ही श्रावणापर्यंत जगली नाहीत तर पेट्या काढून टाकायच्या. वाचनापुरतं शाळेतलं कुणी येत जाईल.” त्याच आठवड्यात दिराचे पत्र आले. रावसाहेबांनी मला ते वाचून दाखवायला सांगितले, म्हणजे मला परत नेण्याची मागणी मीच मोठ्याने वाचली. सहावे मूल होऊ घातले होते. रावसाहेब म्हणाले, “श्रावणानंतर बघू,” आणि पत्र दौतीखाली ठेवले. वीस पिल्ले होती. काही दिवसांत सोळा राहिली.

तो मिठाचा उन्हाळा होता. किनाऱ्याकिनाऱ्याने लोक मीठ करून कायदा मोडीत होते आणि पोलिस समुद्रावर पहारा करीत होते. समुद्र पळून जाईल अशी भीती असावी. मी त्या दिवशी पाण्याची उष्णता मोजायला धर्माबरोबर किनाऱ्यावर गेले होते. धर्माने हंडे भरले, कावड खांद्यावर घेतली, आणि एक शिपाई समोर आला.

“काय रे, काय आहे त्यात?”

“पानी,” धर्मा म्हणाला.

“कसलं?”

“दर्याचा.”

“कबूल करतोस?”

धर्माने समुद्राकडे पाहिले, मग शिपायाकडे. “दर्यावर दर्याचाच गावनार, साहेब.”

मी पुढे झाले. “हे पाणी आमच्या खेकड्यांसाठी आहे.”

“खेकडे समुद्रात असतात, बाई.”

“हे घरी असतात.”

“घरी?” त्याने माझ्या पांढऱ्या लुगड्याकडे पाहिले, हातातल्या काचेच्या नळीकडे पाहिले. “ही नळी कशाला?”

“पाणी किती गरम आहे ते मोजायला.”

“तापवायच्या आधीच? वा!” तो मोठ्या आदराने म्हणाला. “शिकून-सवरून सत्याग्रह चाललाय.”

मला सोडले, धर्माला दम देऊन सोडले, हंडे पुरावा म्हणून चावडीवर गेले. नळीही गेली. अकरा वर्षांत माझ्या कामाचे इतके गांभीर्य दुसऱ्या कुठल्याच सरकारी माणसाला वाटले नाही.

घरी आक्का भिंतीला टेकून बसल्या. “मीठ करणाऱ्यांनी करावं मीठ. माझे हंडे कशाला नेले मेल्यांनी?” रावसाहेबांनी तीन पाने इंग्रजी अर्ज मला सांगितला. त्यात आमच्या घराण्याची आणि खेकड्यांचीही राजनिष्ठा सविस्तर होती. हंडे दिवाळीपर्यंत चावडीवरच राहिले. धर्मा मध्ये जाऊन बघून आला. शिपाई त्यांतून पाणी पीत होते.

पण पेटीतले पाणी तिसऱ्या दिवशी बदलायलाच हवे, आणि धर्मा किनाऱ्याचे नाव घेतल्यावर पोट धरून आडवा होई. मी कुंपणाशी चांगुणाला गाठले.

“पानी ना? आनते की. रोज आनते.”

“पोलिस?”

“सुक्या बोंबलाच्या पाटीत मडका ठेवते. हात घालू दे कुना पोलिसाला. घरात घेनार न्हाय त्याची बायको.”

दोन महिने असे पाणी येत राहिले. ती मडके कुंपणापलीकडे ठेवायची, मी ते काचेच्या बरणीत ओतून आत न्यायची. आक्कांनी एकदा विचारलेच, “वेणू, पाणी हल्ली कशातून येतं?”

“बरणीतून, आक्का.” मी पुस्तकी माणूस, खोटे बोलताना शब्द जपून वापरते. शेवटच्या वीस पावलांपुरते ते खरेही होते.

पिल्ले मरायची थांबली. पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम लक्ष दिले नाही. दुसऱ्या आठवड्यात एकाच दिवशी तिघांनी कात टाकली आणि तिघेही बाहेर आले. तिसऱ्या आठवड्यात मी देवघरातून आक्कांची तांब्याची पळी उचलली. दोन काचेचे वाडगे घेतले, दोन्हींत चांगुणाच्या मडक्यातले पाणी, दोन्हींत पाच पाच पिल्ले. एकात पळी टाकून ठेवली. चौथ्या दिवशी पळीच्या वाडग्यात पाचही मेली होती. दुसऱ्यातली पाच जवळ्यासाठी भांडत होती. ही पाच पिल्ले मी जाणूनबुजून मारली. त्याआधीची जी मेली ती कुणाच्या हिशेबी धरायची, ते वाचकांनी ठरवावे.

वही घेऊन मी रावसाहेबांपुढे उभी राहिले आणि सगळे वाचून दाखवले. त्यांनी वही मागून घेतली आणि डोळ्यांशी धरून पाहिली. मग म्हणाले, “हे लक्षात कुणाच्या आलं?”

दौतीखाली दिराचे पत्र होते. त्याचा एक कोपरा बाहेर आला होता आणि वाऱ्याने हलत होता.

“माझ्या,” मी म्हणाले.

“शाबास! मग तुम्हाला पेणला पाठवून कसं चालेल?” त्यांनी तिथेच दिराला नकाराचे पत्र सांगितले. मी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतले.

आक्कांना सांगायचे काम माझ्यावरच आले. मी मान खाली घालून सांगितले. त्या वाती वळत होत्या. हात थांबले.

“म्हणजे त्या एवढ्याशा जिवांना इतके दिवस माझ्या हंड्यांनी मारलं?”

मी खाली पडलेली एक वात उचलून ताटलीत ठेवली.

“आणि तुला हे आधी कधी सुचलं नव्हतं?”

“थोडी शंका होती.”

“मग बोलली का नाहीस गो? मी काय खाल्लं असतं तुला?” पुन्हा वात वळायला घेत त्या म्हणाल्या, “कुंभाराकडची कोरी मडकी आणा. कोऱ्याला विटाळ नसतो. एवढंच ना?”

एवढेच. ज्या रागाच्या भीतीने मी तीस-चाळीस पिल्ले आणि एका माणसाचे म्हणणे बुडवले होते, तो राग कधी आलाच नाही.

पुढची दहा वर्षे सुखाची गेली. त्यांत सांगण्यासारखे काही नाही, म्हणून ती इथे नाहीत. एक पिल्लू मसुरीएवढे आले होते ते पंजाएवढे झाले. किती कातींनी, ते वहीत आहे आणि वही आता, रावसाहेबांच्या पश्चात, त्यांच्या पुतण्याकडे आहे. पुतण्याने काचेच्या पेट्यांत वालाचे बिरडे ठेवले आहे. मुंगी लागत नाही म्हणे.

मधल्या काळात मुंबईच्या एका विद्वान मंडळाच्या इंग्रजी त्रैमासिकात रावसाहेबांचा चार पानी लेख छापून आला. त्यात तांब्याचा शोध होता, पेटीची रचना होती, लांबीची कृती होती, आणि ‘माझ्या सुशिक्षित साहाय्यिकेच्या सूक्ष्म निरीक्षणा’चा गौरव होता. लेखाच्या प्रती आल्या. मी एक कुंपणाशी नेली. का नेली, ते सांगता येणार नाही. बहुधा मला कुणीतरी छान म्हणायला हवे होते आणि घरात तसे म्हणणारे कुणी नव्हते.

चांगुणाने ओले हात पदराला पुसले आणि कागद दोन्ही हातांनी धरला. “तांब्याचा लिवलाय ह्यात?”

“हो.”

“मी सांगितला त्यो?”

“हो.”

“मंग माजा नाव कुठं हाय?”

मी म्हणू शकले असते, नाही. मी एका ओळीवर बोट ठेवले. “हे बघ, इथे.”

ती ओळ लांबीच्या कृतीची होती: खडू आणि जवसाचे तेल किती घ्यावे याची. तिने त्या ओळीवरून बोट फिरवले. “एवढा लांब?” ती म्हणाली आणि लाजली. चांगुणाला लाजताना मी तेवढ्या एका वेळी पाहिले. कागद तिने मागितला, मी दिला.

आषाढात ती तापाने गेली. तिच्या बाराव्याला मी कोळीवाड्यात गेले. आत बोलावतील असे वाटले नव्हते, पण तिची सून येसू हाताला धरून आत घेऊन गेली. पत्र्याच्या पेटीतून तिने घडी केलेला कागद काढला. चारही पाने होती. तिसऱ्या पानावर एका ओळीवर कुंकवाचे थर चढून ओळ दिसेनाशी झाली होती.

“दर दसऱ्याला जाळ्याला, कोयत्याला कुंकू लावायची, तवा ह्याला पन लावायची,” येसू म्हणाली. “म्हनायची, माजा नाव साहेबाच्या भाषेत गेला. माजी पोर शाळंत जाते, पन तिला ह्यो वाचाया येत न्हाय. तुमी वाचा ना, बाय. बाराव्याला वाचा. सगली बसल्यात.”

माणसे बसली होती. बायका, जाळी बाजूला ठेवून आलेले पुरुष, मध्ये चांगुणाचा मुलगा. मी एखादे वाक्य सहज रचून सांगितले असते. इंग्रजीतून मराठी करण्यात माझा हात चांगला आहे. मी कागद धरला, तोंड उघडले, आणि ते वाक्य काही आले नाही. सांगितले ते खरे सांगितले: या ओळीत तिचे नाव नाही. कुठल्याच ओळीत नाही. मी खोटे बोलले होते. घालवून देतील म्हणून आधी रावसाहेबांशी बोलले आणि मग त्याच सवयीने तिच्याशी.

तिचा मुलगा उठून बाहेर गेला. येसू माझ्याकडे बघत राहिली, सासूसारखीच, डोळे न मिटता.

“मंग ही ओल कसली?”

“काच चिकटवायच्या लांबीची.”

“खोटा ता खोटाच,” ती शेवटी म्हणाली. “पन तुमाला लिवाया येतंय न्हवं?”

“येतं.”

“मंग लिवा. मराठीत लिवा, म्हंजे माजी पोर वाचंल.” मग तिने माझ्या हातातून कागद काढून घेतला आणि पहिल्या घड्यांवर नीट दुमडला. “ह्यो ऱ्हाऊ दे. कुंकू तर खरा हाय.”

तेव्हा संपादकांना एक विनंती. लेख लांबला आहे हे मला कळते. जागा अपुरी पडली तर रावसाहेब कापावेत, मामलेदार आणि पोलिस कापावेत, मला तर अवश्य कापावे. खालचे एक वाक्य मात्र ठेवावे, आणि जमल्यास जरा मोठ्या टाइपात छापावे, वाचणारी मुलगी तिसरीत आहे.

तांब्याच्या भांड्यात ठेवलेले समुद्राचे पाणी चिंबोरीच्या पिल्लांना मारते, हे रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या चांगुणा पोशा कोळी हिने सांगितले.